रूम नका बघू, कॉट बघा: कोपरखैरणेच्या लेडीज पीजीत तीन महिने

आधी रेटिंग देऊन टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. पाणी पाचपैकी पाच, जेवण साडेचार, पीजी चालवणाऱ्या काकू चार, बाथरूम तीन, माझी कॉट दोन. वायफायला मार्कच देत नाही, तो परीक्षेला बसलाच नाही.

पीजीला नाव-बिव काही नाहीये. नवी मुंबईतल्या कोपरखैरणे स्टेशनपासून चालत बारा-तेरा मिनिटांवर सिडकोच्या बैठ्या घरांची रांग आहे, म्हणजे नावाला बैठी, आता प्रत्येकाने वर दोन-दोन मजले चढवलेत, त्यातलं एक. गेटवर "लेडीज पीजी, कॉट बेसिस" एवढाच फ्लेक्स, तोही पावसाने अर्धा फाटलाय. पत्ता आणि नंबर इथे टाकत नाही कारण काकूंनी नको सांगितलंय, मागे कुणीतरी नंबर कुठेतरी टाकला आणि रात्री अकरा वाजता पोरांचे फोन यायला लागले. तरी लिहितेय कारण कॉट बेसिसची जागा कशी बघायची हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

कॉट बेसिस म्हणजे तुम्ही खोली भाड्याने घेत नाही, खाट घेता. मला परभणीहून निघताना हे माहीत नव्हतं. फोनवर ऐकलं तेव्हा वाटलं कॉट देतात म्हणजे फर्निचर आहे, बरंय की. पप्पा तर म्हणाले बघ, पलंगाचा खर्च वाचला.

जॉइनिंग ७ जुलैचं होतं, ऐरोलीला, पहिलीच नोकरी. पप्पांनी २४ जूनचंच देवगिरीचं तिकीट काढलं, म्हणाले दहा-बारा दिवस आधी जाऊन गाव ओळखीचं करून घ्यायचं, नोकरी आणि गाव दोन्ही एकाच दिवशी नवीन नको. मला तेव्हा राग आलेला, घरचे बारा दिवस गेले म्हणून. सकाळी ठाण्याला उतरलो, दोन बॅगा, एक पोतं (त्यात ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, कुरडया, आणि मम्मीने गुपचूप टाकलेला तवा), आणि पप्पा प्लॅटफॉर्मवर उभे राहून सांगतायत की देशातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघून इथेच आली होती. ते झेडपीचे मास्तर आहेत, काय करणार. मागून लोक धक्के देतायत आणि हे १८५३ मधे. मग विचारत विचारत ट्रान्स हार्बरच्या नऊ-दहा नंबरला गेलो. पहिल्यांदा येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, मेन लाइनच्या प्लॅटफॉर्मवर ऐरोली-कोपरखैरणेच्या गाड्या येत नाहीत, पूल चढून त्या टोकाला जायचं.

पहिली जागा घणसोलीला बघितली, अ‍ॅपवर बुक केलेली. फोटोत पांढरी चादर, कुंडीत मनी प्लांट, खिडकीतून ऊन. प्रत्यक्षात एका हॉलचे प्लायवूड ठोकून तीन भाग केलेले, एकेका भागात दोन खाटा, आणि आमच्या वाट्याची खिडकी उघडली तर समोर डक्ट, सांडपाण्याचे पाइप आणि कबुतरं. मनी प्लांट होता, तेवढं खरं, पण प्लास्टिकचा होता. दाखवणाऱ्या एजंटने जागा बघायच्या आधीच पाचशे रुपये व्हिजिट चार्ज म्हणून ऑनलाइन घेतलेले, आणि फायनल केलं तर एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज वेगळं. पाचशे गेले ते गेले. जागा बघायचे पैसे कुणी मागितले तर तिथूनच परत फिरा.

दुसरी वाशीला, मस्त होती, लिफ्ट, एसी, बारा हजार. पप्पांनी जिन्यातच मान हलवली. पुढे.

ही तिसरी. कोपरखैरणेत एका मेडिकलवाल्याला क्रोसिन घेता घेता विचारलं (डोकं दुखायला लागलेलं माझं), तो म्हणाला मागच्या गल्लीत काकूंकडे विचारा. ना एजंट ना अ‍ॅप. काकू दारात शेपू निवडत बसलेल्या. वय पन्नास-पंचावन्न, बोलणं एकदम सातारी. मूळ गाव पाटण तालुक्यात, सासरे वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी होते. या भागात अशी खूप घरं आहेत हे नंतर कळलं, मशीद बंदरचा घाऊक बाजार इकडे हलला तशी माथाड्यांची वस्तीही इकडे आली, आणि त्यात सातारा-सांगलीकडचे जास्त. हॉलमधे माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांचा हार घातलेला फोटो होता. पप्पांनी ओळखला आणि सुरूच झाले, माथाडी कायदा १९६९ चा, देशात हमालांसाठी असा कायदा आधी महाराष्ट्राने केला वगैरे. काकूंचे मिस्टर आतून बनियनवर बाहेर आले, दोघांनी चहा घेतला, आणि मी अर्धा तास पोत्यावर बसून.

मग वर जागा बघायला गेलो. पप्पांनी आधी काय केलं तर बाथरूममधला नळ सोडला.

"ताई, पाणी किती दिवसाला येतं?"

काकूंना प्रश्नच कळला नाही. "दिवसाला म्हंजे? सकाळ-संध्याकाळ येतंय की."

"रोज?"

"रोजच की. मग काय महिन्यानं येनारे?"

पप्पा माझ्याकडे बघून जे हसले ना. आमच्याकडे कॉलनीत नळाला पाणी येणार म्हटलं की लोक लग्नाला जायचं रद्द करतात. मग काकांनी अभिमानाने सांगितलं की नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं धरण आहे, खालापूरकडचं मोरबे, दुसऱ्यावर अवलंबून राहायला नको. त्यामुळे पाण्याला पाच पैकी पाच, ही माझ्याकडून आणि पप्पांकडून दोघांकडून आहेत. तीन महिन्यात दोनदा पाणी गेलं, दोन्ही वेळा आदल्या दिवशी मेसेज आलेला, टाकी भरून ठेवली, विषय संपला.

पप्पांनी बाकी सगळं बघितलं. दाराची कडी आतून लागते का, जिन्यात लाइट आहे का, गच्चीला कुलूप असतं का, टाकीला झाकण आहे का. मग मला म्हणाले, "कॉटवर झोपून बघ पाच मिनिटं." खोलीत दोन पोरी होत्या, एक केस विंचरत होती, एक लॅपटॉपवर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं काय पप्पा, चला ना, ठीके सगळं. झोपले नाही.

आणि या सगळ्या रिव्ह्यूत मला जे सांगायचंय ते हेच आहे की झोपायला पाहिजे होतं.

खोलीत चार कॉट. खिडकीची, फॅनखालची, कपाटाजवळची आणि दाराची. रिकामी होती दाराची, आणि भाडं चारीला सारखंच, ७,५००, दोन वेळच्या जेवणासकट. आता दाराच्या कॉटची कहाणी ऐका. दार आत उघडतं आणि पूर्ण उघडलं की कॉटच्या पायाला लागतं, टक्. रात्री बाथरूमला जो कुणी जाईल तो जाताना टक् आणि येताना टक्, आठवड्याभरात मी झोपेत मोजायला शिकले. ट्यूबलाइटचं बटण बरोबर माझ्या डोक्यावर, म्हणजे प्रत्येकीचा हात माझ्या तोंडावरून जातो. फॅन एकच आणि तो मधे, वारा माझ्या गुडघ्यापर्यंत येतो, वरचा अर्धा भाग कोरडवाहू. आणि सगळ्यात मोठं म्हणजे सॉकेट नाही. सगळ्यात जवळचा सॉकेट कपाटाच्या मागे, आणि तिथे आधीच कपाटवालीचा चार्जर. पहिल्या रात्री माझा फोन तिच्या उशीपाशी चार्ज होत होता आणि मम्मीचा फोन आला तर तो तिने उचलला. मम्मीला वाटलं मी रडून रडून आवाज बदललाय.

झोपून बघितलं असतं तर हे सगळं पाच मिनिटात दिसलं असतं. बटण डोक्यावर आहे हे उभ्याने दिसत नाही, आडवं झाल्यावर दिसतं. फॅनचं पण तसंच. आपण जागा बघायला गेलो की भिंतीचा रंग बघतो, टाइल्स बघतो, किचन बघतो ज्यात आपल्याला पाय ठेवायची परवानगी नसते. तुमच्या वाट्याला सहा बाय तीन येणारे, ते बघा. दाराचं मी काकूंना सांगितलं पण त्या म्हणाल्या "कॉट सरकवली तर कपाट उघडत न्हाई बाळा", आणि ते खरंय, मी टेपने मोजलं.

खिडकीच्या कॉटवर मात्र माझा पहिल्या दिवसापासून डोळा होता. तिथे जळगाव राहते. आमच्यात नावं कुणी घेत नाही, काकूंनीच पाडलेली पद्धत, जळगाव, चिपळूण, कोल्हापूर आणि मी परभणी. "परभणी, डबा ने!" अशी खालून हाक येते आणि शेजारच्या घरातले नवीन लोक वर बघतात. तर जळगावला वारा, उजेड, स्वतःचा सॉकेट, खिडकीच्या कट्ट्यावर पुस्तकं ठेवायला जागा. मग जुलै आला. खिडकी पश्चिमेला, पाऊस आडवा, खिडकी बंद केली तरी फटीतून पाणी, आणि ती बिचारी प्लास्टिक अंगावर घेऊन झोपलेली. एका रात्री दोन वाजता तिने उशी घेतली आणि माझ्या पायाशी येऊन झोपली. त्या रात्री दाराची कॉट मला पहिल्यांदा बरी वाटली.

जेवण. हे साडेचार काकूंनी कमावलेले आहेत, कुणी दिले नाहीत. सकाळी आठला डबा तयार, तीन पोळ्या आणि सुकी भाजी, आणि रात्री भाकरी किंवा पोळी, भाजी, आमटी, भात. पहिले चार दिवस मला आमटी कळेना, आमच्याकडे वरण म्हणजे वरण, तुरीचं, वर तूप, शांत. यांची आमटी म्हणजे अंगावर येते. पाचव्या दिवशी उडदाचं घुटं केलेलं. काळपट हिरवट, दिसायला काही खास नाही, वाटीत घातलं तर मी म्हटलं हे काय. उडदाची डाळ शिजवून रवीने घोटलेली, हिरवी मिरची आणि लसूण ठेचून घातलेला, वर जिऱ्याची फोडणी, इतकंच. पण गरम भाकरी कुस्करून त्यावर ते ओतलं आणि कांदा फोडून घेतला, बाहेर पाऊस पडतोय... मी तीन वाट्या खाल्ल्या. काकू काही बोलल्या नाहीत, चौथी न विचारता वाढली. त्या दिवशी मी घरी फोन करायचा विसरले.

अर्धा मार्क कापला तो शेपूचा. दर मंगळवारी शेपू. का, कुणालाच माहीत नाही, कोल्हापूर म्हणते नवस असेल. आणि रविवारी रात्री जेवण नसतं, हे आधी सांगितलेलं होतं म्हणून तक्रार नाही, दुपारी चिकन असतं, जे खात नाहीत त्यांना पनीर. तक्रार गणपतीची आहे. काकू गावाला गेल्या, पाच दिवस डबा बंद, आणि त्या पाच दिवसांचे पैसे वळते झाले नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या येताना मोदक आणले की. आणले होते, चांगले होते, एकवीस. पण पाच दिवस बाहेर खाऊन माझे अकराशे गेले, आणि मोदक चौघीत वाटले. पैशाचं आणि मोदकाचं खातं वेगळं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

बाथरूम दोन, पोरी आठ, समोरच्या खोलीतल्या चार धरून. हे वाचून घाबरू नका, चिपळूणने दारावर टाइमटेबल चिकटवलंय, माझी वेळ सहा पन्नास ते सात पाच. पंधरा मिनिटात आंघोळ आणि केस धुणं होत नाही, केस धुवायचे तर शनिवारी. गीझर एकात आहे, दुसऱ्यात रॉड, रॉडवाल्यात मी जात नाही, भीती वाटते. पावसात कपडे वाळत नाहीत, गच्चीवर पत्रा आहे पण जीन्सला चार दिवस लागतात आणि पाचव्या दिवशी वास यायला लागतो, त्यामुळे जून-जुलैत येणार असाल तर जीन्स दोनच आणा आणि पातळ पँटी जास्त आणा. ऑफिसात पहिल्या आठवड्यात मी ओलसर जीन्स घालून एसीत बसले आणि शिंकून शिंकून सगळ्या टीमला माझं नाव पाठ झालं.

अजून एक वास आहे, तो पीजीचा नाही, एरियाचा. मागे ठाणे-बेलापूर रोडला सगळी एमआयडीसी, कधी कधी रात्री उशिरा केमिकलसारखा उग्र वास येतो, मग खिडकी लावून घ्यायची. रोज नाही. काकू म्हणतात सवय होते. मला नाही झाली.

पैशाचं सांगते कारण हे कुणी नीट सांगत नाही. डिपॉझिट १०,०००, त्यातले १,००० सोडताना रंगाचे म्हणून कापतात, तुम्ही भिंतीला हात लावा की नका लावू. मी २५ जूनला आले तर जूनच्या सहा दिवसांचे १,५०० घेतले, हिशोबाने, पूर्ण महिन्याचे नाही, हे मला आवडलं, घणसोलीवाला पूर्ण महिन्याचेच मागत होता. मग १ जुलैला ७,५००. सामान २,६४०. म्हणजे पहिला पगार व्हायच्या आधी २१,६४० गेले, यात रोजचा चहा, रिक्षा, ते पाचशे रुपये काहीच धरलं नाही. पगार ३१ जुलैला. कुणी म्हणत असेल की पाच हजार घेऊन जा आणि तिथे बघ काय होतं, तर त्याला स्वतः जायला सांगा.

सामान तुर्भ्याच्या जनता मार्केटमधून घेतलं, पप्पांबरोबर, तेच बेस्ट पडतं. बादली-मग २२०, उशी २५०, दोन चादरी ६००, छत्री ३५०, कुलूप १२०, हँगर १००, गादीवर टाकायला पातळ गादी ५५० (काकूंची गादी काथ्याची आहे, मधे खोलगट, माझ्या आधीच्या मुलीचा पूर्ण आकार त्यात उमटलेला आहे), आणि एक्स्टेंशन बोर्ड ४५०. पप्पांनी दोन मीटरचा घेतला, मी म्हटलं पुरेल. नाही पुरला, कपाटाला वळसा घालून यायचं असतं. जाऊन तीन मीटरचा आणला, दोन मीटरवाला परत घेतला नाही दुकानदाराने. तो आता कोल्हापूरकडे आहे.

पप्पा तिसऱ्या दिवशी परत गेले. पुढचे नऊ-दहा दिवस माझ्या हातात काही काम नव्हतं आणि खोलीतल्या तिघी सकाळी निघून जायच्या. काकू खाली, मी वर. सोमवारी मी ऑफिसची ट्रायल मारली, सेम टायमाला, सेम चप्पल घालून. कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली, तीन स्टेशनं, पाच रुपयांचं तिकीट. लेडीज डब्यात उभं राहावं लागतं, पण ज्या गोष्टी ऐकून आले होते तेवढं काही नाही. ऑफिसच्या गेटपर्यंत गेले, सिक्युरिटीवाल्याने विचारलं काय काम आहे, म्हटलं सात तारखेपासून येणारे, तो म्हणाला मग सात तारखेला या. पण ७ जुलैला तोच होता गेटवर, हसला आणि म्हणाला आलात का. पहिल्या दिवशी त्या बिल्डिंगमधे मला ओळखणारा तो एकटाच माणूस.

फसले ती वाशीला जाताना. कोपरखैरणेहून वाशी म्हणजे समोर दिसेल त्या गाडीत बसायचं असं मला वाटलं, तर ती पनवेल निघाली. तुर्भ्याच्या पुढे दोन रस्ते होतात, एक सानपाडा-वाशी आणि दुसरा जुईनगर-नेरुळ-पनवेल. जुईनगरला उतरले, तिथून हार्बरची गाडी धरून सानपाडा, मग वाशी. इंडिकेटर वाचत चला. आणि सेक्टरचे नंबर ओळीने येतील अशी अपेक्षा ठेवू नका, चारच्या शेजारी पाच असेलच असं नाही, रिक्षावाल्याला सेक्टर सांगून भागत नाही, खूण सांगावी लागते. संध्याकाळी निसर्ग उद्यानात जायचे, तिथे आधी डम्पिंग ग्राउंड होतं हे काकांनी सांगितलं तेव्हा खरं वाटलं नाही, आता झाडं आहेत, म्हाताऱ्यांचे हास्यक्लब आहेत, आणि माझ्यासारख्या एकट्या बसून फोनवर "हो जेवले" म्हणणाऱ्या दोन-तीन तरी पोरी असतातच.

काकूंना पाच का नाही, चार का. गेट साडेदहाला बंद होतं, ते ठीकच आहे, ऑफिसचं लेट असेल तर आधी फोन केला की काका उघडतात, चेहरा पाडून का होईना पण उघडतात. वायफायचे पैसे भाड्यात धरलेत म्हणतात आणि राउटर तळमजल्यावर टीव्हीच्या मागे आहे, आमच्या खोलीत एक काडी येते, तीही जळगावच्या कॉटवर. तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा "बघते" म्हणाल्या. आणि मम्मी येऊन दोन दिवस राहिली तर गेस्टचे दिवसाला २०० घेतले. नियम आहे, मान्य. पण मम्मीने त्या दोन दिवसात काकूंना धपाटे करून घातले, त्यांच्या किचनमधे, जिथे मला पाय ठेवायची परवानगी नाही. त्याचे काही वळते झाले नाहीत. वर काकू म्हणाल्या आईला परत बोलव.

कागदपत्रांचं. काकूंनी आधार, दोन फोटो, ऑफर लेटरची झेरॉक्स घेतली आणि पोलीस व्हेरिफिकेशन केलं, यात टाळाटाळ नाही, ज्या पीजीत हे मागतच नाहीत तिथे मी तरी राहणार नाही. पण अ‍ॅग्रीमेंट नाही, एका कागदावर डिपॉझिट मिळाल्याची सही आहे, बास. कॉट बेसिसवाले बहुतेक असंच करतात. डिपॉझिट यूपीआयने द्या म्हणजे रेकॉर्ड राहतं, आणि ते रंगाचे हजार कापणार हे त्याच कागदावर लिहून घ्या, समोरच्या खोलीतल्या एकीचे हजाराच्या जागी अडीच कापले कारण लिहिलेलं नव्हतं.

फ्लॅट घेणार असाल तर गोष्ट वेगळी. जळगाव आता ऐरोलीला फ्लॅट घेतेय, ऑफिसच्या दोघींबरोबर, भाडं २२,०००, डिपॉझिट एक लाख. एजंटने अ‍ॅग्रीमेंटचे साडेचार हजार सांगितले. आम्ही रात्री चौघी बसून हिशोब केला. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, ती अकरा महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज या दोन्हीच्या बेरजेवर. आली साधारण सहाशे तीस. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. म्हणजे सरकारला जाणार सोळाशे-सतराशे, बाकीचे एजंटच्या घरी येण्याचे आणि अंगठा घेण्याचे. तिने हा कागद एजंटला दाखवला आणि तो तीन हजारावर आला. घरमालक म्हणत होता अकरा महिन्यांचंच आहे, नोंदणी कशाला, नुसतं स्टॅम्प पेपरवर करू. ते चालत नाही, महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, लेखी आणि रजिस्टर्ड लागतं, आणि करून द्यायची जबाबदारी मालकाची असते. चिपळूणची बहीण वकील आहे, तिच्याकडून कन्फर्म केलं.

तर जळगाव ३१ तारखेला जातेय. ऑक्टोबर हीट सुरू झालीये, पाऊस संपला, आणि खिडकीची कॉट मी काकूंकडे पंधरा दिवस आधीच सांगून ठेवलीये. काल दुपारी जळगाव नसताना त्यावर झोपून पण बघितलं, पाच मिनिटं. फॅन तोंडावर येतो, बटण लांब, खिडकीतून समोरच्या घरातला कुकर ऐकू येतो, तेवढं चालेल. वायफायची ती एक काडीही आली.

म्हणजे १ नोव्हेंबरपासून दाराची कॉट रिकामी आहे, ७,५००. कुणाला हवी असेल तर कोपरखैरणेत येऊन कुठल्याही मेडिकलवाल्याला विचारा, सापडेल. एक्स्टेंशन आणू नका, माझा तीन मीटरचा तिथेच सोडून जातेय. आणि येऊन आधी झोपून बघा, आम्ही तोंड फिरवून बसू.